24 मिनिटांचा भाग, 51 दिवस

विज्ञानावर किंवा माणसाच्या वागण्यावर पॉडकास्ट करायचा म्हटलं की पहिली विचारणा होते ती माइक कुठला घ्यावा याची. माइकचा प्रश्न एका दुपारी सुटतो. शोधनिबंधात ‘मात्र’, ‘फक्त अमुक परिस्थितीत’, ‘असं दिसलं नाही’ असे जे शब्द असतात, ते कागदावरून कानापर्यंत येताना वाटेत गळतात, आणि ते कुठे गळतात हे आधी सांगायला कुणी नसतं. म्हणून आमच्या एका भागाचं काम जसं झालं तसं, तारखांऐवजी दिवसांच्या हिशोबात, लिहून ठेवतो आहे. तयार भाग 24 मिनिटांचा झाला. त्यामागे 51 दिवस गेले आणि प्रत्यक्ष कामाचे 60 तासांच्या आसपास. पैशांचा खर्च त्यामानाने नगण्य होता.

पहिले दोन दिवस विषय नक्की करण्यात गेले. विषय होता बघ्यांची गर्दी. संकटात सापडलेल्या माणसाभोवती जितके जास्त लोक, तितकी त्यांच्यातल्या एकेकाने पुढे होण्याची शक्यता कमी, ही सामाजिक मानसशास्त्रातली गाजलेली कल्पना. ती सांगताना हमखास एक घटना सांगितली जाते. 13 मार्च 1964 रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि 38 शेजारी नुसते बघत राहिले, असं दोन आठवड्यांनी तिथल्या एका मोठ्या वृत्तपत्राने छापलं. ऐकताच मनात रुतणारी गोष्ट आहे. पण ती तशी घडलेली नाही. 2007 मध्ये मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी पुरावे तपासून दाखवलं, की 38 जण हात बांधून बघत होते या म्हणण्याला आधार मिळत नाही. पुढे 2016 मध्ये त्या वृत्तपत्रानेही मूळ बातमीत चुका असल्याचं मान्य केलं. म्हणजे विषय हातात घेतला त्याच दिवशी कळलं, की कानाला सर्वांत गोड लागणारा तुकडाच सडका आहे.

तरी विषय सोडला नाही, कारण त्यामागचा प्रयोग ध्वनीसाठीच जन्माला आल्यासारखा आहे. 1968 मध्ये जॉन डार्ली आणि बिब लॅटाने यांनी तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला एकट्याला खोलीत बसवायचं, हेडफोन आणि माइक द्यायचा, आणि सांगायचं की बाकीचेही असेच आपापल्या खोलीत आहेत, महाविद्यालयीन आयुष्यातल्या अडचणींवर बोलायचं आहे. एका वेळी एकाचाच माइक चालू. प्रत्यक्षात बाकीचे आवाज आधीच टेप केलेले. त्यातला एक आवाज सुरुवातीला सांगतो, की त्याला झटके येतात. पुढच्या फेरीत तो बोलता बोलता अडखळतो आणि मदत मागू लागतो. ऐकणाऱ्याला फक्त आवाज मिळतो. इतर कुणी धावलं का, हे त्याला कळायची सोय नाही. श्रोताही हेडफोन लावून नेमका त्याच जागी बसलेला असतो. असा विषय ध्वनीसाठी घ्यावा. आलेखाशिवाय कळणारच नाही असा निष्कर्ष असेल तर तो लेखासाठी ठेवावा.

तिसऱ्या दिवशी एका सामाजिक मानसशास्त्रज्ञांना मेल पाठवली. पत्ता शोधावा लागत नाही. शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहारासाठीचा लेखक आणि त्याचा मेल छापलेला असतो. मेल आठ ओळींची: भाग कशावर, किती मिनिटांचा, त्यांचा किती वेळ लागेल, कुठल्या भाषेत, कधीपर्यंत हवं. सात दिवस उत्तर नाही. दहाव्या दिवशी आठवण पाठवली आणि त्याची प्रत त्यांच्या संस्थेच्या माध्यम कक्षालाही दिली. हे पहिल्याच मेलला करायला हवं होतं, कारण अशा कक्षाचं कामच ते असतं. बाराव्या दिवशी उत्तर आलं आणि सोबत मागणी: प्रश्न आधी पाठवा. इथे आम्ही प्रश्न नाही, मुद्दे पाठवले. प्रश्न जसेच्या तसे दिले की समोरचा माणूस उत्तरं लिहून काढतो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वाचतो. वाचलेलं उत्तर पहिल्या शब्दाला ओळखू येतं.

संमतिपत्र एका पानाचं होतं. आवाज कुठे वापरला जाईल, कापला जाईल का, मराठीत वरून निवेदन येईल का, आणि कुठल्या तारखेपर्यंत संमती मागे घेता येईल. पूर्ण स्क्रिप्ट दाखवण्याचं आश्वासन देऊ नये. तांत्रिक वाक्यं तपासायला पाठवू, एवढंच लिहावं. सही केलेला कागद आला तरी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तीच संमती तोंडी घ्यावी, आणि पाहुण्यालाच स्वतःचं नाव व हुद्दा म्हणायला लावावं. उच्चाराचा वाद तिथेच मिटतो.

एकोणिसाव्या दिवशी मुलाखत. दोन देशांतल्या घड्याळांचा घोळ होऊ नये म्हणून वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत, लिहून पक्की केली होती. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं तासभर सरकतात आणि मग कुणीतरी एक जण रिकाम्या खोलीत तासभर बसून राहतो.

इंटरनेटवरून आलेला आवाज अधूनमधून चिरकतो, म्हणून तो फक्त बोलण्यापुरता ठेवला आणि दोन्ही टोकांना वेगळं रेकॉर्डिंग केलं. पाहुण्यांकडे माइक नव्हता. फोनच्या रेकॉर्डरवर काम भागलं. फोन विमान मोडवर, टेबलावर न ठेवता हनुवटीपासून वीतभर अंतरावर, खोलीत पडदे-गाद्या असलेल्या बाजूला तोंड. आपल्या बाजूला 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने), 24 बिट. बोलण्याची शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास (शून्याला आवाज फाटतो). मोनो फाइल तासाला साधारण 520 एमबी होते, तेव्हा जागा आधी बघावी. माइक तोंडासमोर सरळ नको, थोडा तिरका हवा. मराठीत हे जास्तच लागू, कारण भ, फ, ध, ख यांसारख्या महाप्राण अक्षरांना हवेचा झोत सोबत येतो आणि ‘भीती’, ‘फरक’, ‘धोका’ हे तर आपल्या विषयातले रोजचे शब्द. पंखा बंद. फ्रीजही बंद, आणि घराची किल्ली फ्रीजमध्ये, म्हणजे तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही.

सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवली, कारण दोन फाइली जुळवायला तीच खूण लागते. शेवटी टाळी वाजवायची राहिली, आणि ते महागात पडलं. प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं धावतं. 52 मिनिटांच्या शेवटी दोन फाइलींत जवळपास पाव सेकंदाचा फरक पडला होता, म्हणजे प्रश्न संपायच्या आधीच उत्तर सुरू. शेवटची टाळी असती तर एका झटक्यात फाइल ताणून बसवता आली असती. ती नसल्याने प्रत्येक उत्तर वेगळं कापून सरकवावं लागलं. तीन तास गेले. याहून वाईट प्रकार म्हणजे 44.1 किलोहर्ट्झची फाइल 48 ची समजून उघडली जाणं. आवाज पातळ आणि घाईघाईचा होतो, आणि पाहुण्याला पहिल्यांदाच ऐकत असाल तर माणूस असाच बोलत असेल असं वाटू शकतं.

दुसरी चूक खोलीच्या शांततेची. मुलाखत संपल्यावर कुणीही न बोलता 45 सेकंद रेकॉर्ड करून घ्यायची असतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि कापलेल्या जागा भरायला तीच लागते. निरोपाच्या गडबडीत आम्ही ती घेतली नाही. मग पाहुणे विचार करायला थांबले त्या जागांमधून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे जमवले.

पुढचे चार दिवस उतरवून काढण्याचे. यंत्राने केलेला मजकूर कच्चा मसुदा म्हणून ठीक, पण संज्ञा, आकडे आणि नकार यांत तो घसरतो, म्हणून 52 मिनिटं हाताने तपासायला साडेचार तास लागले. प्रत्येक उत्तरापुढे वेळ आणि तीन खुणांपैकी एक: वापरायचं, निवेदनात सांगायचं, सोडायचं. शिवाय लाल शाईने अकरा वाक्यं वेगळी काढली. ‘प्रयोगशाळेत’, ‘एकमेकांना दिसत नसताना’, ‘अनोळखी लोकांमध्ये’ अशा मर्यादा सांगणारी वाक्यं. नियम असा, की ज्या दाव्याला लाल वाक्य जोडलेलं आहे तो दावा त्याच्याशिवाय वापरायचा नाही. जागा कमी पडली तर दोन्ही जातील. हा नियम नसता तर अकरापैकी सात तरी वाक्यं पहिल्याच कापाकापीत गेली असती. अशी वाक्यं लांब असतात, चाचरत बोललेली असतात, आणि ती काढली की उत्तर एकदम झकास वाटायला लागतं.

चोविसाव्या दिवसापासून संहिता. वाचनाचा वेग मोजून पाहिला तर मिनिटाला साधारण 115 शब्द निघाला. पाहुण्यांचे तुकडे 9 मिनिटं, ध्वनी आणि विराम 2 मिनिटं. उरलेल्या 13 मिनिटांसाठी सुमारे 1500 शब्द. पहिला मसुदा 2600 चा होता.

संज्ञांवर एक अख्खा दिवस गेला. बघ्यांच्या या कल्पनेचं पुस्तकी नाव ‘प्रेक्षक परिणाम’. ते ऐकलं की नाट्यगृह डोळ्यांसमोर येतं. ‘बघे’ म्हटलं की काम झालं. दुसरी संज्ञा ‘जबाबदारीचं विभाजन’, म्हणजे इतरही आहेत म्हटल्यावर प्रत्येकाला आपल्यावरचा भार कमी वाटणं. ती ऐकून कुणीतरी कामं वाटून दिली आहेत असं वाटतं, आणि इथे नेमकं उलट आहे, कुणीच काही वाटलेलं नाही. शेवटी ‘जबाबदारी पांगते’ असं केलं. संज्ञा एकदा सांगून टाकायची आणि नंतर क्रियापदावर काम चालवायचं, हे मराठीत सोपं जातं.

खरी अडचण ‘नाही’ची. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि बोलताना आवाज शेवटालाच उतरतो. ‘हा परिणाम सगळ्याच संकटांत दिसत नाही’ हे वाक्य तीनदा रेकॉर्ड केलं. तिन्ही वेळा ‘दिसत’ स्पष्ट आणि ‘नाही’ श्वासात विरलेलं. गाडीच्या आवाजात ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर उलटा लागेल. वाचणारा मागे जाऊन वाचतो, ऐकणारा कशाला मागे जाईल? मग वाक्य फिरवलं: ‘सगळ्याच संकटांत हे घडतं का? नाही. धोका उघड असेल तर चित्र बदलतं.’ ‘नाही’ एकटं उभं राहिलं की गिळता येत नाही. स्क्रिप्टमधल्या प्रत्येक नकाराला वर्तुळ करून हे पाहिलं. अशी सतरा वाक्यं होती.

आकड्यांचं तसंच. डार्ली-लॅटाने यांच्या प्रयोगात, फक्त आपल्यालाच ऐकू येतंय असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यापैकी 85 टक्के लोकांनी तो आवाज बंद पडायच्या आत मदतीची खटपट केली. आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांत 62 टक्के, आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत 31 टक्के. छापील पानावर हे तीन आकडे एका नजरेत बसतात. कानावर ‘पंच्याऐंशी, बासष्ट, एकतीस’ ओळीने आदळले की तिसऱ्यापर्यंत पहिला पुसला जातो. शिवाय टक्के ऐकले की हजारो लोकांची पाहणी असावी असं वाटतं. गट होते 13, 26 आणि 13 जणांचे. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘तेरापैकी अकरा’ आणि ‘तेरापैकी चार’ एवढंच ठेवलं, मधला गट गाळला. प्रयोग किती लहान होता हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. आकडे स्क्रिप्टमध्ये अक्षरी लिहावेत. वाचताना 62 समोर आला की जीभ क्षणभर अडखळते आणि तो क्षण रेकॉर्ड होतो.

तथ्यतपासणी निवेदन रेकॉर्ड करण्याआधी करायची असते. आम्ही ती एकतिसाव्या दिवशी, रेकॉर्डिंग झाल्यावर केली आणि फळ मिळालं. स्क्रिप्टच्या प्रत्येक वाक्यापुढे शोधनिबंधाचा पान क्रमांक लिहीत गेल्यावर एक वाक्य अडलं: ‘मोठ्या गटात तेरापैकी फक्त चार जणांनी मदत केली.’ चूक. त्या चार जणांनी, म्हणजे 31 टक्के लोकांनी, तो आवाज बंद पडायच्या आत केली. उशिरा का होईना, मदत करणारे मोठ्या गटातही शेवटी 62 टक्के झाले. आणि गंमत बघा, मधल्या गटाचा आवाज बंद पडेपर्यंतचा आकडाही 62 च. दोन वेगळ्या रकान्यांतला सारखा आकडा घाईत एकमेकांत मिसळतो. ‘उशीर झाला’ आणि ‘केलीच नाही’ यांत माणसाच्या स्वभावाबद्दल केवढा फरक पडतो! सव्वा मिनिटाचं निवेदन पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं, आणि आवाजाचा पोत जुळेना, कारण दिवसाची वेळ बदलली होती. सकाळचा आवाज खर्जातला असतो. दुरुस्त्या त्याच वेळी कराव्यात, माइकचं अंतर मोजपट्टीने तेवढंच ठेवून.

पाहुणे इंग्रजीत बोलले होते. त्यांचा मूळ आवाज दोन-तीन सेकंद मोकळा ऐकू द्यायचा, मग 12 ते 15 डेसिबलने खाली घेऊन वर मराठी आणायची आणि शेवटचे तीन-चार शब्द पुन्हा मोकळे सोडायचे. मराठी थोडी आखूड लिहावी लागते, नाहीतर मूळ आवाज संपून जातो आणि निवेदन अधांतरी राहतं. चाचरणं मात्र भाषांतरातून काढू नये. ‘कदाचित’ म्हणताना ते थांबले होते, तिथे मराठीतही थांबलो.

प्रयोगातला आवाज पुन्हा उभा केला. 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच पट्टी ठेवली की जुन्या टेलिफोनसारखा ध्वनी होतो. झटक्याचा अभिनय केला नाही. बारा सेकंदांचं अडखळतं बोलणं, आणि त्याच्याआधी निवेदनात स्पष्ट वाक्य की हा मूळ टेप नाही, नाट्यरूपांतर आहे. ही सूचना वर्णनाच्या मजकुरात देऊन भागत नाही, तो कुणी वाचत नसतं.

छत्तिसाव्या दिवशी कच्चा भाग तयार. त्यानंतरच्या दिवशी विषयाशी संबंध नसलेल्या तिघांना ऐकवला. ऐकताना काम करत राहा, असं सांगितलं होतं, कारण खरे श्रोते तेच करतात. संपल्यावर एकच प्रश्न: काय ऐकलंत, ते दुसऱ्याला सांगितल्यासारखं सांगा. तिघांपैकी दोघांनी सांगितलं, ‘38 लोक बघत राहिले, माणसं मदत करत नाहीत.’ ती गोष्ट खोटी आहे हे भागात चौदाव्या मिनिटाला, नीट, पुराव्यासकट सांगितलं होतं. पण भागाची सुरुवात त्याच गोष्टीने केली होती, सायरनच्या आवाजासह, खाली उदास पियानो घालून. सुरुवातीला जे संगीतासह सांगितलं ते चौदाव्या मिनिटाला कोरड्या आवाजात परत घेता येत नाही. वाक्य एकही चुकीचं नव्हतं, तरी भाग चुकीचा होता.

सहा दिवस मोडतोड. सुरुवात प्रयोगापासून, हेडफोनमधल्या आवाजापासून केली. 38 ची गोष्ट मध्ये नेली, आणि आत शिरतानाच ‘ही गोष्ट अशी छापली गेली’ असं म्हणून. तिच्या पाठोपाठ, एका श्वासाचंही अंतर न ठेवता, 2019 मध्ये आलेला फिलपॉट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांतली सार्वजनिक ठिकाणच्या 219 भांडणांची सीसीटीव्ही चित्रणं त्यांनी तपासली, आणि दहापैकी नऊ घटनांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. इथेही लाल वाक्य: एकेकाने पुढे होण्याची शक्यता आणि कुणीतरी पुढे होण्याची शक्यता या वेगळ्या गोष्टी आहेत. पियानो काढून टाकला. संगीतावर माझं मत आता ठाम आहे: दाव्याखाली संगीत घालणं म्हणजे पुराव्याशिवाय वजन वाढवणं. दोन प्रकरणांच्या मधे घाला, आकड्याखाली नको. घालायचंच तर बोलण्यापेक्षा 18-20 डेसिबल खाली. आणि परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत सीसी-बीवाय असेल तर श्रेय द्यावंच लागतं, एनसी असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही, एनडी असेल तर कापून-जोडून तयार केलेलं रूप प्रसिद्ध करता येत नाही.

मिश्रणाचं काम एका दिवसात उरकतं. 80 हर्ट्झच्या खालचं कापलं, 3:1 चं हलकं कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणं), ‘स’ आणि ‘श’ टोचत होते तिथे 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये थोडं दाबलं. एकूण पातळी उणे 16 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), शिखर उणे 1 डेसिबलच्या आत. 128 केबीपीएसची एमपी3 फाइल 23 एमबी भरली.

सत्तेचाळिसाव्या दिवशी अपलोड. चौकोनी मुखचित्र 3000 पिक्सेलचं, फाइलचं नाव रोमन लिपीत (देवनागरी नावाचा दुवा काही ठिकाणी मोडतो), मालकी पडताळणीचा कोड मेलवर. तो मेल नको असलेल्या पत्रांत जाऊन बसला होता. पॉडकास्ट ऐकवणाऱ्या एका ॲपवर भाग दोन तासांत दिसला, दुसऱ्यावर चार दिवसांनी. त्या चार दिवसांत शीर्षक बदललं. ‘माणसं मदत का करत नाहीत?’ या शीर्षकावर नक्की जास्त लोक आले असते, पण भागात तसं म्हटलेलंच नाही. ‘कुणीतरी जाईलच’ असं केलं.

एक्कावन्नाव्या दिवशी सगळीकडे दिसू लागला आणि त्याच संध्याकाळी एका श्रोत्याने चूक दाखवली. लॅटाने यांचं पहिलं नाव आम्ही एका जागी चुकीचं म्हटलं होतं. फाइल बदलली, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडे जुनीच राहते. म्हणून दुरुस्ती पुढच्या भागाच्या पहिल्या वीस सेकंदांत, संगीताआधी, घेतली आहे.